४३२ हर्ट्झची थाप आणि जगभरची वाद्यं

मावशीकडून आलेला निरोप थोडक्यात असा. जगातली सगळी प्राचीन वाद्यं, मग ती वीणा असो, बासरी असो, तिबेटी वाडगे असोत, आफ्रिकेतली वाद्यं असोत की इटलीतली स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनं, ४३२ हर्ट्झला जुळवलेली असत. कारण ४३२ ही म्हणे विश्वाची कंपनसंख्या. १९३९ साली हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने ती बदलून ४४० करायला लावली, कारण ४४० ऐकून माणूस अस्वस्थ आणि आज्ञाधारक होतो. तेव्हापासून आपण ऐकतो ते सगळं संगीत शरीराला मारक आहे. उपाय सोपा: रोज ४३२ चं संगीत ऐका, रक्तदाब, थायरॉईड, निद्रानाश, सगळं जाईल. घरातली वाद्यंही ४३२ ला जुळवून घ्या. पुराव्यादाखल पाण्याच्या स्फटिकांचे फोटो, वाळूची नक्षी, सूर्याची त्रिज्या आणि पृथ्वीच्या हृदयाचा ठोका.

हा निरोप कित्येक वर्षं फिरतोय आणि आजवर मी त्याकडे दुर्लक्ष करत आलो. आता ते शक्य नाही, कारण मावशीने तो नुसता पुढे पाठवला नाही, पाळायलाही सुरुवात केली. रक्तदाबाची रोजची गोळी ती दिवसाआड घ्यायला लागली. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी या निरोपाचा पाया पाहू, कारण सगळा डोलारा 'जगभरची परंपरा' या दोन शब्दांवर उभा आहे आणि ते दोन शब्दच खोटे आहेत.

हा आकडा नेमका कशाचा, हे निरोप पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. पाश्चात्त्य पद्धतीत मधल्या सप्तकातला 'ए' हा स्वर सेकंदाला किती वेळा कंप पावतो, तो हा आकडा. ४४० आणि ४३२ मधलं अंतर लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश. दोन्ही लागोपाठ वाजवले तर फरक कळतो. वेगवेगळ्या दिवशी ऐकवले तर बहुतेकांना कोणता कुठला हे सांगता येणार नाही.

'सगळी प्राचीन वाद्यं ४३२ ला जुळवलेली असत'

प्राचीन वाद्यकाराला ४३२ हा आकडा कळणार कसा? सेकंदाला इतकी कंपनं, असं म्हणायचं तर आधी सेकंद मोजता यायला हवा आणि नंतर कंपनं. ऐकू येणाऱ्या स्वराची कंपनसंख्या मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न फ्रान्समधल्या मारँ मर्सेनने सतराव्या शतकात केला, लांबलचक तारांची डोळ्यांना दिसणारी हालचाल मोजून आणि त्यावरून आखूड तारांचा हिशेब मांडून. ठोकला की एकच ठराविक स्वर देणारा नादकाटा १७११ मध्ये आला, जॉन शोअर या इंग्रज वादकाने तो बनवला. 'हर्ट्झ' हे एककाचं नाव तर विसाव्या शतकातलं. त्याआधीच्या हजारो वर्षांत वाद्यं जुळवली गेली ती कानाने, एका स्वराशी दुसऱ्या स्वराचं नातं ऐकून. षड्जाशी पंचम जुळला की तो जुळला. त्या षड्जाची सेकंदाला किती कंपनं हा प्रश्नच कोणाला पडायचं कारण नव्हतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात श्रुती, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, समजावून सांगण्यासाठी दोन वीणांचा प्रयोग दिला आहे. दोन्ही वीणा सारख्या जुळवायच्या, एक तशीच ठेवायची, दुसरीच्या तारा पायरीपायरीने उतरवत न्यायच्या आणि कुठला स्वर कुठल्या स्वराला येऊन मिळतो ते कानाने पाहायचं. सगळा प्रयोग नात्यांवर चालतो. त्या दोन वीणा मुळात कुठल्या पट्टीत लावायच्या, याला त्यात काही महत्त्वच नाही. गायकाचा षड्ज आजही त्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो, कोणाचा काळी एक, कोणाचा पांढरी पाच, आणि तंबोरा त्याला जुळवून घेतला जातो. असं असताना 'ऋषींनी ४३२ ठरवलं होतं' असं लिहिणाऱ्याने ना नाट्यशास्त्र उघडलंय, ना कधी तंबोरा लावताना पाहिलाय.

आता थोडं मोजमापाकडे येतो. या विषयात मी एका माणसाचं काम सगळ्यात भक्कम मानतो. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस. गंमत अशी की स्वतः एलिसला स्वर कानाने नीट ओळखता येत नसत, त्याने ते कबूलही केलं होतं. कानाच्या कामासाठी तो आल्फ्रेड हिपकिन्स या जाणकाराची मदत घ्यायचा आणि मोजण्याचं काम स्वतः नादकाट्यांनी करायचा. १८८० मध्ये त्याने पट्टीचा इतिहास मांडला. युरोपातले जुने ऑर्गन, जुने नादकाटे, जुन्या नोंदी, जे हाती लागलं ते सगळं मोजून एका यादीत लावलं. त्या यादीत 'ए' कुठे ३७४ च्या आसपास आहे, तर कुठे ५६० च्याही वर. म्हणजे एका ठिकाणचा 'ए' दुसऱ्या ठिकाणच्या 'ए'पेक्षा सुमारे सात पट्ट्यांनी वेगळा. आणि हा एकाच खंडाचा, काही शतकांपुरता हिशेब. संगीतकार हँडेलचा १७५१ चा नादकाटा ४२२.५ दाखवतो. जर्मनीतल्या हाल्बरस्टाटचा चौदाव्या शतकातला ऑर्गन एलिसच्या यादीत ५०५ च्या आसपास आहे. ४३२ च्या जवळपासचे आकडेही त्या यादीत सापडतात, तसे दुसरे असंख्य आकडेही सापडतात.

पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, त्याने निरनिराळ्या देशांच्या स्वरसप्तकांवर दुसरा निबंध लिहिला. त्यासाठी अरबस्तान, भारत, जावा, सयाम, चीन, जपान इथल्या वाद्यांचे स्वर तपासले. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग पाडून स्वरांतरं मोजायची पद्धत, जी आज जगभर 'सेंट' म्हणून वापरली जाते, ती याच कामातून आली. (त्या मापाने ४४० आणि ४३२ मध्ये सुमारे ३२ सेंटचं अंतर आहे.) एलिसचा निष्कर्ष स्पष्ट होता: निसर्गाने ठरवून दिलेलं एकच सप्तक कुठेही नाही, लोकांनी आपापली घडवलेली सप्तकं आहेत आणि ती एकमेकांपासून फार वेगळी आहेत. सप्तकंच वेगळी असतील, तर त्यातल्या एका स्वराचा आकडा सगळीकडे एक कसा असेल? हा निबंध छापून येऊन शंभर वर्षं केव्हाच उलटून गेली. निरोप लिहिणाऱ्याला तो शोधायला अर्धा तासही लागला नसता.

आणखी जुना पुरावा हवा असेल तर चीनमध्ये १९७८ साली सापडलेल्या घंटा आहेत. झेंग राज्याच्या यी नावाच्या सरदाराच्या थडग्यात, इसवी सनपूर्व ४३३ च्या सुमाराच्या, ६५ कांस्य घंटा मिळाल्या. प्रत्येक घंटेतून दोन स्वर निघतात, कुठे ठोका मारला त्यावर. आणि घंटांवर कोरीव लेख आहेत. या राज्यातला अमुक स्वर म्हणजे शेजारच्या चू राज्यातला तमुक स्वर, असे हिशेब त्यात दिले आहेत. असे तक्ते धातूत कोरून ठेवायची वेळ येते, कारण शेजारशेजारच्या राज्यांतसुद्धा स्वरांची मांडणी एकसारखी नव्हती. चीनमध्ये पुढेही राजघराणं बदललं की प्रमाण स्वरनलिकेची लांबी पुन्हा ठरवली जायची आणि पट्टी बदलायची. २४०० वर्षांपूर्वीच्या माणसांना जी विविधता इतकी ठाऊक होती की त्यांनी ती कोरून ठेवली, ती आज आपण एका निरोपाने पुसून टाकतो आहोत.

बालीची गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते. तिथल्या गामेलान वाद्यमेळात कांस्याच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने असतात. जोडीतलं एक वाद्य मुद्दाम किंचित उतरं आणि दुसरं किंचित चढं जुळवतात. दोन्ही एकदम वाजली की त्यांच्या फरकामुळे आवाजात सेकंदाला काही लाटा उठतात, नाद थरथरतो, चमकतो. ती थरथर नसेल तर बालीच्या माणसाला वाद्यमेळ मेलेला वाटतो. घडवणारा कारागीर त्या लाटांचा वेग कानाने ठरवतो आणि ते त्याचं खरं कसब. आता या जोडीतल्या कुठल्या वाद्याला 'विश्वाची कंपनसंख्या' द्यायची? एकाला दिली तर दुसरं आपोआप चुकीचं ठरतं, दोघांना दिली तर संगीतच संपलं. जावा आणि बालीत तर प्रत्येक गामेलान संच स्वतःपुरता जुळवलेला असतो. एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्या संचात बसवता येत नाही. तिथले लोक याला दोष मानत नाहीत, ती त्या संचाची ओळख असते.

आफ्रिकेबद्दल निरोपात दोनच शब्द आहेत, 'आफ्रिकेतली वाद्यं'. एवढा मोठा खंड, इतकी वाद्यं, आणि त्यांचा उल्लेख तीन अंकी आकड्यापुरता. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचं म्बिरा घ्या. लाकडी फळीवर लोखंडी पात्या, अंगठ्यांनी आणि तर्जनीने वाजवायच्या, फळीवर शिंपले किंवा बाटलीची बुचं ठोकलेली असतात, त्यामुळे प्रत्येक स्वराला एक गुणगुणती झालर येते. पाती आत-बाहेर सरकवली की स्वर बदलतो. न्यामारोपा, गंदंगा अशा निरनिराळ्या जुळवण्या आहेत, आणि एकाच जुळवणीत दोन कारागिरांची वाद्यं वेगवेगळ्या उंचीवर असतात. ह्यू ट्रेसी नावाचा संग्राहक विसाव्या शतकात दशकानुदशकं आफ्रिकेत फिरला, नादकाट्यांचा संच घेऊन गावोगावची वाद्यं मोजत आणि ध्वनिमुद्रित करत. १९५४ मध्ये त्याने त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत आंतरराष्ट्रीय आफ्रिकी संगीत ग्रंथालय स्थापन केलं. तिथल्या नोंदींतून दिसतं ते वैविध्य. सगळ्यांना बांधणारा एक आकडा त्यात नाही.

बाकीची पटापट. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या बॅगपाइपचा 'ए' आज ४७० ते ४८० च्या घरात वाजतो. जपानच्या दरबारी गागाकू संगीताची पट्टी ४३० आहे, म्हणजे ४३२ च्या अगदी शेजारी, पण ४३२ नाही. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत जुन्या वाद्यांवर वाजवणारे आज सहसा ४१५ धरतात, फ्रेंच रचनांसाठी ३९२ सुद्धा. तिबेटी म्हणून विकले जाणारे वाडगे लहानमोठ्या आकारांचे, जाड-पातळ काठांचे असतात, आणि आकार बदलला की स्वर बदलतो. सगळ्या वाडग्यांचा स्वर एक असणं अशक्यच. स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनला तर चार खुंट्या आहेत. त्या पिळून वादक हवी ती पट्टी लावतो. शिवाय त्यातल्या जवळजवळ सगळ्या व्हायोलिनांच्या माना पुढच्या काळात बदलून लांब केल्या गेल्या आहेत, आतली लाकडी आधारपट्टीही बदलली आहे. त्या वाद्यात कुठलाही आकडा कोरून ठेवलेला नाही.

बासरी आणि ऑर्गनबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिथे निसर्गच या दाव्याच्या विरोधात उभा राहतो. चीनमध्ये जियाहू इथे क्रौंच पक्ष्याच्या हाडाच्या बासऱ्या सापडल्या आहेत, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या हाडाची बासरी मिळाली, ती ३५,००० वर्षांहून जुनी. अशा वाद्याचा स्वर नळीच्या लांबीवर ठरतो, तसा आतल्या हवेच्या उष्णतेवरही ठरतो. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि स्वर चढतो. बासरीत वाजवणाऱ्याच्या श्वासाची ऊब मिसळते. चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्ये मात्र खोलीतलीच हवा जाते. हिशेब करा: २० अंशांना ४४० वाजवणारा ऑर्गनचा पाइप साधारण १० अंशांना ४३२ च्या आसपास वाजेल. तोच पाइप, तीच रचना, तोच वादक. निरोप खरा मानायचा तर तो ऑर्गन हिवाळ्यात औषध आणि वसंतात विष म्हणावा लागेल. म्हणूनच फ्रान्सने १८५९ मध्ये 'ए' ४३५ असा कायदा केला तेव्हा सोबत १५ अंश हे तापमानही लिहून ठेवलं. ज्यांना खरंच मोजायचं होतं, त्यांना या गोष्टी ठाऊक होत्या.

'१९३९ मध्ये गोबेल्सने ४४० लादलं'

यातली खरी गोष्ट एवढीच की मे १९३९ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद झाली, ४४० ची शिफारस झाली आणि तिथे जर्मन प्रतिनिधीही होते. तिथे फ्रेंच, ब्रिटिश, डच आणि इटालियनही होते. युद्ध तोंडावर आलेलं असताना लंडनमध्ये बसून ब्रिटन आणि फ्रान्सने गोबेल्सच्या सांगण्यावरून आपले स्वर बदलले, हे मानायला मोठी श्रद्धा लागते.

तारखा पाहिल्या तरी पुरे. योहान शाइबलर या रेशीम उत्पादकाने पन्नासहून अधिक नादकाट्यांचा संच बनवून अचूक मोजमाप केलं आणि त्याच्या शिफारशीवरून १८३४ मध्ये श्टुटगार्टच्या परिषदेने ४४० सुचवलं. गोबेल्सचा जन्म त्यानंतर ६० हून अधिक वर्षांनी झाला. अमेरिकेतल्या वादकांच्या महासंघाने १९१७ मध्ये ४४० स्वीकारलं, तिथल्या मानक संस्थेने १९३६ मध्ये त्यावर शिक्का मारला. ब्रिटनमध्ये १८९६ पासून ४३९ चालू होतं, ते फ्रान्सच्या ४३५ चं उबदार सभागृहातलं रूप. मग ४३९ का नाही, ४४० का? कारण अगदी रुक्ष आहे. बीबीसीला रेडिओवरून प्रमाण स्वर प्रसारित करायचा होता. सेकंदाला दहा लाख कंपनं करणाऱ्या स्फटिकापासून सुरुवात करून, हजाराने भागून, अकराने गुणून, पंचवीसने भागून ४४० मिळतो. ४३९ ही मूळ संख्या आहे, ती अशा भागाकार-गुणाकारातून सहज काढता येत नाही. मन ताब्यात घेण्याचा कट शोधणाऱ्यांना हे कारण फारच साधं वाटेल. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनेही ४४० ची शिफारस केली.

गोबेल्सची कथा पसरली ती १९८० च्या दशकात, शिलर इन्स्टिट्यूट या राजकीय संघटनेच्या मोहिमेतून. त्यांना ऑपेराची पट्टी उतरवायची होती, आणि विरोधकाला नाझी ठरवणं हा प्रचाराचा सोपा मार्ग असतो.

'थोर संगीतकार वेर्दी ४३२ च्या बाजूने होता'

हो, होता. हे मान्य करायलाच हवं. १८८४ मध्ये इटलीतल्या लष्करी वाद्यवृंदांसाठी ४३२ ची पट्टी ठरली आणि जुझेप्पे वेर्दीने तिला पाठिंबा दिला. पण कशासाठी? एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंद जास्त झळाळी यावी म्हणून पट्टी चढवत चालले होते, काही ठिकाणी ४५० च्या वर. वाद्याच्या तारा ताणता येतात, गायकाचा गळा ताणता येत नाही. वरचे स्वर लावताना गायकांची दमछाक व्हायची. फ्रान्सचा १८५९ चा कायदाही त्याच चढाओढीवरचा उपाय होता आणि त्या समितीत रोस्सिनी, बर्लियोझ हे संगीतकार होते. वेर्दीला ४३५ ही चालत होतं. गावागावात पट्टी वेगळी असू नये, एका शहरातला 'ए' दुसऱ्या शहरात 'बी फ्लॅट' होऊ नये, ही त्याची तळमळ होती. विश्व, चक्रं, पेशी यांचा त्याच्या म्हणण्याशी काही संबंध नाही. गायकांच्या गळ्याची काळजी हा मुद्दा आजही योग्य आहे, आणि कोणी त्या कारणासाठी उतरी पट्टी मागत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

४३२ येतो कुठून, तेही सांगतो. 'सी' २५६ धरला, म्हणजे दोनचा घात, गणिताला सोयीचा, आणि त्यावरून पंचमापंचमाने चढत 'ए' काढला, तर २५६ गुणिले २७ भागिले १६ बरोबर ४३२ येतात. हिशेब सुबक आहे, यात वाद नाही. पण त्याच 'सी'वरून आजच्या पियानोच्या समान अंतरांच्या पद्धतीने गेलात तर ४३०.५ येतात, आणि शुद्ध स्वरांतराने गेलात तर ४२६.७. म्हणजे मुळाशी २५६ आहे, ४३२ नाही, आणि २५६ चं महत्त्वही सेकंद या माणसाने ठरवलेल्या मापावर उभं आहे.

'४३२ ऐका, रक्तदाब जाईल'

या ओळीमुळे मी हे सगळं लिहायला बसलो. मावशीला फोनवर विचारलं तर म्हणाली, "अरे, ऐकलं की डोकं इतकं शांत होतं, मग गोळी रोज कशाला?"

डोकं शांत होतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. डोळे मिटून, फोन बाजूला ठेवून, संथ वादन ऐकलं की माणूस शांत होतो. ४४० चं ऐकलं तरी होतो, ४१५ चं ऐकलं तरी होतो. रक्तदाबाची अडचण वेगळी आहे. तो वाढलेला असताना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. डोकं शांत असतं, झोप लागते, आणि आत रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडावर, हृदयावर ताण चालूच असतो. गोळी सोडली तर 'मला बरं वाटतंय' या भावनेवरून काहीच कळत नाही, कळतं ते यंत्राने मोजल्यावर किंवा पक्षाघात झाल्यावर. डॉक्टरांना न विचारता गोळी दिवसाआड करणं हा जिवाशी खेळ आहे, आणि हा निरोप पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्यात सहभागी आहे. हे कठोर वाटेल, पण मला ते सौम्य शब्दांत म्हणायचं नाही.

यावर एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. तो खरा आहे. २०१९ मध्ये इटलीत ३३ जणांवर झाला. तेच संगीत एकदा ४४० ला आणि एकदा ४३२ ला ऐकवलं. ४३२ च्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी पाचाहून थोडे कमी इतके उतरले. रक्तदाबातला फरक किरकोळ होता, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. संशोधकांनी स्वतःच याला प्राथमिक अभ्यास म्हटलं आणि मोठ्या अभ्यासाची गरज सांगितली. ३३ माणसांवरच्या प्राथमिक अभ्यासातून 'गोळी सोडा' निघत नाही. थायरॉईडचा तर त्यात उल्लेखही नाही. आणि '५२८ हर्ट्झने डीएनए दुरुस्त होतो' ही याच कुळातली दुसरी भाकड गोष्ट, तिला तर एवढाही आधार नाही.

आणखी एक. '४३२ हर्ट्झ बासरी', '४३२ हर्ट्झ सतार' अशा नावांनी जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं नेहमीचं ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवलेलं असतं. कोण्या वादकाने आपल्या वाद्याच्या नादासाठी, जवारीसाठी, फुंकेसाठी आयुष्य घातलेलं असतं. त्याच्या स्वराला यंत्रात घालून दोन टक्के खाली ओढायचं आणि त्यालाच 'मूळ, शुद्ध, प्राचीन' म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो.

पाणी, वाळू, पृथ्वी, सूर्य

पाण्याच्या स्फटिकांचे फोटो मासारू इमोतो यांच्या पद्धतीचे, चांगल्या आवाजाने पाण्याचे सुंदर स्फटिक होतात असं म्हणणारे ते जपानी लेखक. शेकडो स्फटिकांतून आवडलेला निवडायचा आणि तोच दाखवायचा, ही चाचणी नव्हे. वाळूची नक्षी खरी असते, एर्न्स्ट क्लादनीने अठराव्या शतकात ती दाखवली. पण कुठल्या कंपनसंख्येला सुंदर नक्षी उमटेल हे ताटलीचा आकार, जाडी आणि धातू ठरवतात. ताटली बदला, ४४० ला देखणी नक्षी येईल आणि ४३२ ला काहीच येणार नाही.

पृथ्वीचा ठोका म्हणजे शुमान अनुनाद, सुमारे ७.८३ हर्ट्झ. ती विद्युतचुंबकीय लहर आहे, ध्वनी नाही, कानाशी तिचा संबंध नाही. तरी निरोपाच्या म्हणण्याप्रमाणे तिला ८ धरू. ८ गुणिले ५४ म्हणजे ४३२, म्हणून ४३२ पवित्र. ८ गुणिले ५५ किती? ४४०. हा पाढा करून पाहायचे कष्ट लिहिणाऱ्याने घेतले असते तर हा मुद्दा त्याने खोडला असता. सूर्याची त्रिज्या ४,३२,००० मैल हे साधारण बरोबर आहे, पण मैल हे माणसाचं माप. किलोमीटरमध्ये ती ६,९६,००० च्या आसपास होते आणि ४३२ नाहीसा होतो.

'घरातली वाद्यं ४३२ ला जुळवून घ्या'

तंतुवाद्य असेल तर जुळवा, तुमची तार, तुमची खुंटी, पाहिजे तेव्हा परत चढवता येईल. पण ज्यांचे स्वर पक्के बांधलेले असतात त्या वाद्यांना हात लावण्याआधी थांबा. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात असतो. सगळ्या एकदम ३२ सेंटने उतरवल्या तर चौकटीवरचा भार बदलतो, जुळवण स्थिर होत नाही, पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं. हार्मोनियम किंवा अकॉर्डियनमधली पितळी वा पोलादी पत्ती उतरवायची तर ती बुडाशी घासून पातळ करावी लागते. परत चढवायची तर टोकाशी घासायची. दोन्ही वेळा धातू जातो तो कायमचा. बासरीची भोकं सरकवता येत नाहीत. धातूच्या बासरीचं तोंड बाहेर ओढून स्वर उतरवला तर लांबी वाढते, पण भोकं जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे वाद्य स्वतःशीच बेसूर होतं.

आणि चार जण एकत्र बसले की खरी अडचण सुरू होते. पट्टी ठरवतात ती सोबत वाजवता यावं म्हणून. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ओबो हे सुषिरवाद्य वाजवणारा 'ए' देतो आणि बाकीचे त्याला मिळतात. तो ४४० असेलच असं नाही, युरोपातले अनेक मोठे वाद्यवृंद आज ४४२ किंवा ४४३ ला वाजवतात. गामेलान शिकायला बसणाऱ्याने त्या संचाची पट्टी घ्यायची, गायकाच्या साथीला बसणाऱ्याने गायकाचा षड्ज घ्यायचा, म्बिरावाल्यासोबत वाजवायचं तर त्याच्या म्बिराला कान द्यायचा. तुमच्या मेळातलं एखादं वाद्य पक्क्या स्वरांचं असेल, तर बाकीच्यांनी त्याच्याकडून स्वर घ्यावा, मग तो कितीही हर्ट्झ असो.